स्वमग्नतेच्या संशोधनातील कुटुंबाचे स्थान

१

अपंगत्वविषयक विद्यापीठीय संशोधनाचे मूल्यमापन करताना आपण बहुधा तीन गोष्टी पाहतो : नमुना पुरेसा होता की नाही, मापनाची साधने विश्वसनीय होती की नाही, आणि निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरले की नाही. ह्या तिन्ही कसोट्या आवश्यकच आहेत. परंतु ज्या संशोधनाचा विषय एखादे अपंग मूल आणि त्याचे कुटुंब हा असतो, तेथे आणखी एक कसोटी लावावी लागते. संशोधकाने त्या कुटुंबाला कोठे बसविले? आरोपीच्या पिंजऱ्यात, साक्षीदाराच्या जागी, की आपल्या शेजारच्या खुर्चीवर? हा प्रश्न केवळ सौजन्याचा आहे असे कोणी मानू नये. कुटुंबाची जागा चुकली की संशोधकाला दिसणारे सत्यही चुकते, आणि त्या चुकीची किंमत संशोधकाला नव्हे, तर कुटुंबाला मोजावी लागते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी स्वमग्नतेच्या संशोधनाचा इतिहास येथे घेतला आहे. सुमारे ऐंशी वर्षांच्या अवधीत ह्या एका विषयात कुटुंबाने वर सांगितलेल्या तिन्ही जागा भोगल्या आहेत. शिवाय ह्या इतिहासाचा एक धागा गोव्यापर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम शब्दासंबंधी थोडेसे. 'ऑटिझम' ही संज्ञा ग्रीक भाषेतील 'स्वतः' ह्या अर्थाच्या शब्दावरून स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी घडविली, ती स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. मराठीत तिला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द सुबक आहे, परंतु निरुपद्रवी नाही. आपल्या भाषेत मनुष्य ध्यानमग्न होतो, विचारमग्न होतो, तो आपण होऊन होतो, आणि त्या मग्नतेत त्याला काही सुखही असते. 'स्वमग्न' म्हटले की हे मूल जगाकडे पाठ फिरवून स्वतःत रमले आहे, आणि कोणीतरी त्याला तसे करावयास लावले आहे, असा ध्वनी नकळत उमटतो. प्रत्यक्षात ह्यांतील कित्येक मुलांना जगाचा आवाज, स्पर्श व उजेड इतरांहून अधिक तीव्रतेने जाणवतो. जग त्यांना कमी नव्हे, जास्त होते. शब्द रूढ आहे म्हणून येथे तोच वापरला आहे. परंतु संज्ञेतच एक उपपत्ती दडलेली असू शकते, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवलेले बरे.

२

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बालमनोवैद्य लिओ कॅनर ह्यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. आठ मुलगे आणि तीन मुली. इतरांशी भावनिक संबंध जोडण्यातील अडचण, परिस्थिती जशीच्या तशी राहावी असा आग्रह, आणि भाषेचा चमत्कारिक वापर ही लक्षणे त्यांनी एकत्र पाहिली. ह्या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ बहुधा ह्याच निबंधापासून मानला जातो.

ह्या निबंधाची एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. त्यातील पहिले मूल डोनाल्ड. कॅनर ह्यांनी त्याला तपासले ते १९३८ साली. आणि तपासणीपूर्वीच मुलाच्या वडिलांनी त्याच्या वागण्याची तेहतीस टंकलिखित पाने भरतील एवढी हकिकत त्यांच्याकडे पाठविली होती. मूल काय खाते, कशाने चिडते, कोणते शब्द कसे वापरते, किती गाणी त्याला पाठ आहेत, हे सर्व तीत होते. कॅनर ह्यांनी तिचा भरपूर उपयोग केला. म्हणजे ह्या शाखेच्या पहिल्या निबंधातील पहिले निरीक्षण प्रयोगशाळेत झालेले नसून एका घरात, एका बापाच्या हातून झालेले आहे.

आणि तरीही त्याच निबंधात बीज पडले ते आईबापांविषयीच्या संशयाचे. ही आईबापे सुशिक्षित, बुद्धिमान, परंतु फारशी मायाळू दिसत नाहीत, असे कॅनर ह्यांनी नोंदविले. ह्या निरीक्षणाचा अर्थ लावताना ते १९४३ साली सावध होते : मुलांचे एकाकीपण अगदी जन्मापासून दिसते, तेव्हा ते सर्वस्वी आईबापांच्या वागण्यातून आले असे म्हणणे कठीण आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. मात्र १९४९ सालच्या निबंधात ही सावधगिरी सैल पडली आणि बर्फ कधी न वितळणाऱ्या शीतकपाटात मुले ठेवली जावीत तशी ही मुले वाढली, अशी उपमा तेथे आली. पुढे 'शीतकपाट-माता' हा शब्द लोकांच्या तोंडी झाला तो ह्या उपमेतून.

येथे पद्धतीची चूक कोठे झाली? कॅनर ह्यांच्याकडे दूरदूरच्या गावांहून मुलाला घेऊन येणे, त्याच्या वागण्याची बारकाईने टिपणे ठेवणे, हे त्या काळी सुशिक्षित व सुस्थित कुटुंबांनाच शक्य होते. नमुना असा चाळणीतून आलेला होता, आणि चाळणीचा गुण धान्याचा गुण मानला गेला. दुसरे असे की, वर्षानुवर्षे प्रतिसाद न देणाऱ्या मुलासमवेत राहिलेल्या, थकलेल्या आणि परक्या वैद्यासमोर बसलेल्या स्त्रीचा चेहरा कोरा दिसला, तर तो कोरेपणा आजाराचे कारण आहे की परिणाम, हे एका भेटीत कसे ठरणार? कार्यकारणाची दिशा न तपासता सहसंबंधाला कारण मानणे ही चूक आपण पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात शिकवितो. ती येथे घडली, आणि घडली ती नामांकित विद्यापीठात.

३

ही चूक ग्रंथरूपाने प्रतिष्ठित झाली ती शिकागो विद्यापीठात. तेथील ऑर्थोजेनिक शाळेचे ब्रूनो बेटलहाइम हे १९४४ पासून १९७३ पर्यंत संचालक होते. त्यांचा 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हा ग्रंथ १९६७ साली निघाला. ग्रंथाचे नावच एक रूपक आहे : रिकामा किल्ला. मुलाने स्वतःभोवती तट उभारला आहे, आणि आत कोणी नाही. तट कोणी उभारतो तो शत्रूपासून बचाव करण्यासाठी. मग शत्रू कोण, हा प्रश्न रूपकाच्या पोटातच आहे. बेटलहाइम हे १९३८-३९ मध्ये डाखाउ व बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांत बंदी होते. तेथे जगण्याची आशा सोडून दिलेल्या माणसांची जी अवस्था त्यांनी पाहिली, तिचे प्रतिबिंब त्यांना ह्या मुलांत दिसले. आपले अस्तित्व नसावे अशी आईबापांची इच्छा ज्या मुलाला जाणवते ते स्वमग्न होते, असे प्रतिपादन त्यांनी केले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ग्रंथात अन्यत्र बेटलहाइम म्हणतात की आईच्या वृत्तीने नव्हे, तर त्या वृत्तीला मुलाने दिलेल्या प्रतिक्रियेने स्वमग्नता निर्माण होते. परंतु ही सूक्ष्मता त्यांच्या एकंदर विवेचनात टिकत नाही. ज्याने छावणीची तुलना घराशी केली, त्याने पहारेकऱ्याची भूमिका कोणाला दिली हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

ग्रंथाची लेखनशैली प्रभावी आहे. तिन्ही मुलांच्या प्रदीर्घ कहाण्या एखाद्या कादंबरीप्रमाणे वाचकाला धरून ठेवतात. आणि समीक्षकाने थांबावयाचे ते येथेच. त्यांतील मार्सिया नावाच्या मुलीला हवामानाचे वेड होते. हवामान ह्या अर्थाच्या 'वेदर' ह्या इंग्रजी शब्दाची बेटलहाइम फोड करतात : 'वी', 'ईट', 'हर', म्हणजे 'आम्ही तिला खातो'. आणि त्यावरून, आई आपणांस गिळून टाकील अशी भीती मुलीच्या मनात होती, हा अर्थ काढतात. हे अर्थनिर्णयन चातुर्याचे आहे, पुराव्याचे नाही. मूल हवामानाविषयी बोलले तर भीती सिद्ध. न बोलते तर भीतीने गप्प झाले असे म्हणता आले असते. जे विधान कोणत्याही निरीक्षणाने खोटे ठरू शकत नाही, त्याला निरीक्षणाचा आधार आहे असे म्हणता येत नाही. ही मुलगी इंग्रजीऐवजी मराठी बोलणारी असती आणि 'पाऊस, पाऊस' म्हणत बसली असती, तर तिच्या आईची ह्या आरोपातून सुटका झाली असती काय?

बेटलहाइम ह्यांच्या उपचारपद्धतीत मूल घरापासून दूर शाळेत राही आणि आईबापांशी त्याचा संबंध कसोशीने मर्यादित ठेवला जाई. उपपत्ती आणि पद्धती ह्यांची येथे अशी गाठ पडली होती की उपपत्ती तपासण्याची वाटच बंद झाली. आईमूल एकत्र असताना काय घडते हे पाहण्याची सोय नव्हती, कारण त्यांना एकत्र ठेवणे हेच अपायकारक मानले गेले होते. आरोपी न्यायालयात हजर नव्हता आणि खटला चालू होता.

आपल्या वाचकांना ह्या पाश्चात्य प्रमादाचे फार नवल वाटू नये. गरोदर स्त्रीने ग्रहण पाहिले, ग्रहणात विळीला हात लावला, म्हणून मूल व्यंग घेऊन जन्मले, असे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. शिकागोच्या ग्रंथाने ग्रहणाच्या जागी अव्यक्त मनातील इच्छा ठेवली. विळीला हात लावणारी स्त्री तीच राहिली. फरक एवढाच की, लोकभ्रमाला निदान पदवी नसते. विद्यापीठाच्या शिक्क्याने आलेला दोष आई सहजासहजी झटकून टाकू शकत नाही. ती तो खरा मानून जगते. ज्यांना मुलासाठी बळ हवे होते त्या स्त्रिया स्वतःच्या मनात अपराध शोधीत राहिल्या. संशोधनाच्या चुकीची किंमत म्हणतात ती ही.

४

ह्या उपपत्तीचे खंडन कोठून आले, हे अर्थपूर्ण आहे. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलाच्या सेवेतील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा १९५६ साली जन्मला आणि स्वमग्न निघाला. मुलाच्या अवस्थेचा उलगडा करण्यासाठी त्यांनी उपलब्ध वाङ्मय वाचून काढले, आणि १९६४ साली 'इन्फन्टाइल ऑटिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला प्रस्तावना खुद्द कॅनर ह्यांची होती. रिमलंड ह्यांचा युक्तिवाद साधा आणि कठोर होता : ह्याच आईबापांची इतर मुले बहुधा सर्वसाधारण असतात; लक्षणे अगदी लहानपणापासून दिसतात; मुलींपेक्षा मुलग्यांत हा प्रकार पुष्कळ अधिक आढळतो; आणि शीतल नसलेल्या आईबापांच्या पोटीही अशी मुले येतात. मग कारण मायेच्या अभावात नव्हे, मज्जासंस्थेत शोधले पाहिजे. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी मुलाच्या लक्षणांची एक प्रश्नावली जोडली होती. आईबापांनी ती भरून त्यांच्याकडे पाठविण्यास सुरुवात केली. साक्षीदार आपण होऊन उभे राहिले होते. १९६५ साली पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत रिमलंड होते. १९६९ साली ह्याच संघटनेच्या सभेत कॅनर ह्यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

निर्णायक पुरावा १९७७ साली आला. सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर ह्यांनी ब्रिटनमधील एकवीस जुळ्यांच्या जोड्या अभ्यासल्या. अकरा एकबीज जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. दहा द्विबीज जोड्यांपैकी एकीतही तसे नव्हते. संख्या लहान, परंतु दिशा स्पष्ट : आनुवंशिकतेचा वाटा मोठा होता. लंडनमध्ये ह्याच सुमारास मनोवैद्य लोर्ना विंग ह्यांचे कार्य चालू होते. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या, आणि १९६२ साली तेथे स्थापन झालेल्या पालकसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. ज्युडिथ गूल्ड ह्यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या कॅम्बरवेल भागातील पाहणीने (१९७९) कॅनर ह्यांच्या चौकटीत न बसणारी कितीतरी मुले उजेडात आणली आणि ह्या अवस्थेची व्याप्ती रुंदावली.

ह्यावरून पालक झाला की संशोधक आपोआप बरोबर होतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या रिमलंड ह्यांनी एक निराधार उपपत्ती मोडली, त्यांनीच पुढे जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार केला आणि लसींवर संशय घेणाऱ्यांना साथ दिली. लसींचा संबंध नंतरच्या मोठ्या पाहण्यांत आढळला नाही. आशा ही सुद्धा निरीक्षणाला वाकवते. तात्पर्य, कुटुंबाला संशोधनात स्थान द्यावयाचे ते पुराव्याची कसोटी सैल करण्यासाठी नव्हे. जो पुरावा अन्यथा हाती लागणार नाही तो हाती लागावा म्हणून.

५

एरिक शोप्लर ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ते जर्मनीत जन्मले. १९३८ साली त्यांच्या ज्यू कुटुंबाने देश सोडला. त्यांचे उच्च शिक्षण शिकागो विद्यापीठातच झाले, आणि बेटलहाइम ह्यांच्या मतांशी त्यांचा परिचय जवळचा होता. म्हणजे इतिहासाचा तोच आघात आणि विद्यापीठही तेच. निष्कर्ष मात्र उलटा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील विभागात रॉबर्ट राइक्लर ह्यांच्या सहकार्याने त्यांनी १९६६ साली एक प्रकल्प हाती घेतला. १९७१ च्या त्यांच्या निबंधात आईबापांना एक नवे नाव दिलेले आढळते : सहउपचारक.

त्या प्रकल्पाच्या खोलीत एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने काच अशी भिंत होती. अशी भिंत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांना नवी नाही; संशोधक काचेमागे बसतो आणि पलीकडील माणसाला पाहतो. येथे काचेमागे आईबापे बसत आणि उपचारक मुलाला कसे शिकवितो ते पाहत. मग आई मुलाला घेऊन आत जाई, आणि ती काय करते हे उपचारक पाही. घरी करावयाचे कार्यक्रम ठरत. काय साधले, काय फसले ह्याची टिपणे आई ठेवी, आणि पुढील आठवड्याचा कार्यक्रम त्यांवरून बदले. काचेच्या दोन्ही बाजूंना दोघांनाही बसता येते, एवढ्या एका व्यवस्थेने ज्ञानाचा प्रवाह दोन्ही दिशांनी वाहू लागला.

ह्या व्यवस्थेचे शास्त्रीय फळ काय, असे कोणी विचारील. शोप्लर व राइक्लर ह्यांनी १९७२ साली एक साधा प्रश्न तपासला : आईबापांना आपल्या मुलाची पातळी कितपत ठाऊक असते? त्यांनी आईबापांना मुलाच्या विकासाविषयी अंदाज करावयास सांगितले आणि ते अंदाज चाचण्यांच्या निकालांशी ताडून पाहिले. दोहोंत चांगला मेळ आढळला. जी आई मुलाला ओळखूच शकत नाही असे वीस वर्षे सांगितले जात होते, ती त्याला बरीच अचूक ओळखत होती. हा शोध इतक्या उशिरा लागला, कारण तोवर हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. प्रकल्पाचे अनुदान संपण्याच्या सुमारास आईबापांनीच राज्याच्या विधिमंडळाकडे धाव घेतली, आणि १९७२ साली हे कार्य 'टीच' ह्या नावाने राज्याचा कायम कार्यक्रम झाले. विद्यापीठातील एक संशोधनप्रकल्प लोकांच्या मागणीने टिकला, ही घटना आपणही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि 'सहउपचारक' ह्या गौरवास्पद शब्दाचीही परीक्षा झाली पाहिजे. उपचारकाला वेतन असते, कामाचे तास असतात, रजा असते. सहउपचारक आईला ह्यांतले काहीही नसते. तिला स्वयंपाक असतो, दुसरे मूल असते, कित्येकदा नोकरी असते. आणि मुलाची प्रगती झाली नाही तर, 'घरी सांगितल्याप्रमाणे केले का?' हा प्रश्न तिलाच येतो. पूर्वी ती आजाराचे कारण होती. आता ती अपयशाचे कारण ठरू शकते. दोष असा कर्तव्याच्या वेषात परत येतो. ह्याचा अर्थ पालकांचा सहभाग चुकीचा असा नव्हे. त्या सहभागाचे श्रम मोजले गेले पाहिजेत, आणि ते वाटून घेण्याची व्यवस्था हा संशोधनाचाच भाग मानला गेला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

६

हा प्रश्न आपल्या दारी कसा येतो ते आता पाहू. मँचेस्टर विद्यापीठातील जोनाथन ग्रीन व त्यांचे सहकारी ह्यांनी पालकांच्या मध्यस्थीने द्यावयाची एक संवादपद्धती तयार केली. तीत आई आणि मूल ह्यांच्या खेळाचे चित्रण करतात. मग ते चित्रण आई व मार्गदर्शक एकत्र बसून पाहतात, आणि मुलाने संवादाचा कोणता सूक्ष्म प्रयत्न केला व आईने त्याला कोठे दाद दिली हे शोधतात. चॅपल हिलचा आरसा येथे चित्रफितीच्या रूपाने आईच्या हाती आला, असे म्हणता येईल. १९५२ साली नव्हे, तर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १५२ मुलांवरील चाचणीत ह्या पद्धतीने मुख्य लक्षणांत लगेच लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. आईमुलांच्या संवादात मात्र फरक पडला. काही वर्षांनी त्याच मुलांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा लक्षणांची तीव्रताही कमी आढळली. तो निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबासमवेत केलेल्या संशोधनाला घाई चालत नाही, हा त्यातील बोध.

गोव्यातील 'संगत' ह्या संस्थेने प्रथम स्वमग्न मुलांच्या कुटुंबांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या अडचणी व अपुऱ्या राहिलेल्या गरजा ह्यांविषयीचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. क्रम ध्यानात घ्यावा : आधी ऐकणे, मग उपाय. त्यानंतर मँचेस्टरची पद्धती दक्षिण आशियाच्या परिस्थितीला अनुरूप करून गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे, दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांच्या कुटुंबांसह, यादृच्छिक विभागणीने तपासण्यात आली. मार्गदर्शन तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्हे, तर त्यासाठी प्रशिक्षित केलेल्या, विशेषज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी केले. आईबापे मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागली, मूल आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागले. मात्र परस्परांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा काळ अपेक्षेविरुद्ध कमी झालेला दिसला. हा प्रतिकूल निष्कर्षही संशोधकांनी मांडला, हे त्या निबंधाचे भूषण होय. ६५ ही संख्या लहान आहे. तिच्यावरून मोठे इमले बांधू नयेत. परंतु जेथे विशेषज्ञ मूठभर आणि कुटुंबे असंख्य, तेथे कार्यकर्ता व आई मिळून काय करू शकतात, ह्याचा हा प्रामाणिक पुरावा आहे.

७

येथवर आपण आईबापांविषयी बोललो. परंतु ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे तो कोठे आहे? १९९३ साली टोरांटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर ह्या स्वमग्न व्यक्तीने आईबापांना उद्देशून भाषण केले. त्याचा आशय असा की, तुम्ही शोक करता तो आमच्यासाठी नव्हे. जे मूल तुम्ही कल्पिले होते आणि जे आलेच नाही, त्याच्यासाठी करता. तो शोक आमच्यावर लादू नका. हे शब्द कठोर होते. परंतु कुटुंबाचा आवाज म्हणजेच अपंग व्यक्तीचा आवाज नव्हे, हे त्यांनी निर्विवाद दाखविले. २०१२ साली डेमियन मिल्टन ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने ह्याच विचाराला सैद्धान्तिक रूप दिले : समजून घेण्यातील अडचण एकाच बाजूची नसते, स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन जितके अवघड जाते, तितकेच इतरांना तिचे. काचेच्या दोन्ही बाजूंना आता तिसऱ्या व्यक्तीसाठीही जागा करावी लागणार, आणि ती केवळ निरीक्षणाचा विषय म्हणून नव्हे.

८

आता आपल्या विभागांकडे वळू. आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याने मानलेल्या सात प्रकारांत स्वमग्नतेला स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचा उल्लेख केला, आणि २०१६ च्या कायद्याने मानलेल्या एकवीस प्रकारांत तिचा समावेश झाला. २०११ च्या जनगणनेत तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. निदानासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी तयार झाली, आणि तिच्या वापरात पालकांकडून मिळणारी माहिती हा महत्त्वाचा आधार आहे. म्हणजे साक्षीदाराची जागा आपण कुटुंबाला दिली आहे. शेजारची खुर्ची अद्याप दिलेली नाही.

आपल्या पदव्युत्तर प्रबंधिकांचा एक ठराविक साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. अपंग मुलांच्या माता व सर्वसाधारण मुलांच्या माता असे दोन गट घ्यावयाचे, ताणाची प्रश्नावली भरून घ्यावयाची, आणि पहिल्या गटातील ताण अधिक आहे असे दाखवावयाचे. निष्कर्ष प्रश्नावली छापण्यापूर्वीच ठाऊक असतो. पण साच्याचा खरा दोष पुनरुक्ती हा नव्हे. ताण तेथे आईच्या मनात मोजला जातो. त्याची कारणे मात्र प्रमाणपत्राच्या रांगेत, शाळेने दिलेल्या नकारात, बसच्या उंच पायरीत आणि 'आमच्या मागे ह्याचे कसे होणार?' ह्या प्रश्नात असतात. जे मोजावयास हवे ते सोडून जे मोजणे सोपे ते मोजले, की शिकागोच्याच वाटेने आपणही पुन्हा आईपाशीच येऊन थांबतो. शब्द मवाळ झालेले असतात, एवढेच.

ह्यावर उपाय कठीण नाहीत. संशोधनाचा विषय ठरविण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही कुटुंबांना, आणि जेथे शक्य तेथे त्या व्यक्तींनाही, त्यांचा स्वतःचा प्रश्न कोणता हे विचारावे. बोलून सांगता न येणाऱ्याला चित्रांनी, खुणांनी किंवा निवडीने सांगता येते, हे गृहीत धरून साधने तयार करावीत. जी आई दोन तास प्रश्नावली भरते तिच्या त्या दोन तासांत मूल कोणी सांभाळावयाचे, ह्याची तरतूद आराखड्यात असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निष्कर्ष मराठीत, वाचता येईल अशा भाषेत, त्या घरी परत गेले पाहिजेत. प्रबंधिका ग्रंथालयाच्या फळीवर जाते आणि संशोधक पदवी घेऊन जातो. ज्या घराने त्याला बसावयास पाट दिला त्या घरी तो पुन्हा फिरकत नाही. तेथे त्याची वाट पाहिली जाते, हे त्याला बहुधा ठाऊकही नसते.

बाल्टिमोरच्या निबंधाला आधारभूत झालेली ती तेहतीस पाने एका बापाने लिहिली होती. ती लिहिताना त्याने काहीतरी विचारलेही असणार. त्याचे निरीक्षण शास्त्राच्या इतिहासात गेले. आईबापांच्या वाट्याला आलेले उत्तर मात्र पुढे वीस-पंचवीस वर्षे आरोपाच्या स्वरूपाचे होते. आपल्या विभागांत जमा होणाऱ्या प्रत्येक प्रश्नावलीमागे असा एक प्रश्न उभा असतो. त्याला उत्तर देणे आपल्या कक्षेबाहेरचे आहे असे ज्याला वाटते, त्याने तो घेण्यासही जाऊ नये.